बावन्न दुकानांची भवानी

एका राज्यात एक बाजार होता, आणि त्या बाजारात तीन वर्षं एक दाणासुद्धा विकला गेला नव्हता. बावन्न दुकानं, बावन्न गाद्या, आणि गाद्यांवर बसलेली माणसं पायापासून वर दगड होत चाललेली. दर पंधरवड्याला बोटभर, कोणी थोडा जास्त, कोणी थोडा कमी. हे असं का झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको.

त्या बाजाराची एक रीत होती. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय कोणी कंबरेची गाठ सोडायची नाही. दान नाही, उधार नाही, खरेदी तर नाहीच. भवानीआधी ज्याच्या गाठीतून दाम सुटला, त्याच्या गादीचं सात पिढ्या वाटोळं होतं, असं तिथं आजोबा नातवाला सांगायचे, आणि नातू आजोबा झाला की तोही तेच सांगायचा. एके सकाळी तिथं एक म्हातारा गोसावी आला. मिठवाल्यापाशी उभा राहून म्हणाला, "चिमूटभर मीठ द्या."

"अजून भवानी व्हायचीय, बुवा. पुढं व्हा," मिठवाला म्हणाला.

तेलिणीनं तेच सांगितलं, कुंभारानं तेच, गूळवाल्यानं तेच. बावन्न दुकानं म्हातारा पुढं होत गेला आणि शेवटी वेशीबाहेर पडला. आता तो साधा गोसावी असता तर पुढच्या गावी जेवला असता. पण तो सात डोंगरांपलीकडचा मांत्रिक भुजंगनाथ होता, आणि दोन दिवसांचा उपाशी होता. वेशीत वळून तो म्हणाला, "बसा मग भवानीची वाट बघत. ती होईपर्यंत गादीवरून उठू नका." एवढं बोलून तो गेला.

त्या दिवसापासून बाहेरचं माणूस वेशीत पाऊल टाकायचं आणि काय घ्यायला आलो तेच विसरायचं. बाई हळदीला यायची, वेशीत थबकायची, कपाळावर हात मारून परत जायची. खुद्द राजा शेला घ्यायला हत्तीवरून आला. वेशीत त्यानं माहुताला विचारलं, "आपण कशाला आलो?" माहूत म्हणाला, "महाराज, मलाही आठवत नाही." दोघे परत गेले. राजा मनाचा चांगला होता. बाजार उपाशी मरू नये म्हणून त्यानं कोठारातून धान्य पाठवायला सुरुवात केली. लोक जगले, पण पाय काही मऊ झाले नाहीत.

त्या बाजाराच्या कोपऱ्यात रखमाजी फणीवाल्याचं दुकान होतं. शिसवीच्या फण्या करायचा. दात असे गुळगुळीत की केस तुटायचा नाही, आणि फणी अशी टणक की दहा-दहा वर्षं दात पडायचा नाही. त्याची लेक गोजरा मागच्या पडवीत लाकूड तासायची, नक्षी कोरायची. ती गादीवर बसत नव्हती, म्हणून शापातून सुटली होती. तीन वर्षं ती बापाला हातानं भरवत होती. दगड गुडघ्याला आला, कंबरेला आला, छाती ओलांडून गेला. डोक्यावर गेला की माणूस संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एके दिवशी भाकरीचा घास रखमाजीच्या घशाखाली उतरेना. गोजरा पाण्याचा तांब्या धरून बसली, आणि मग उठून तिनं बारा फण्या आणि तासायची हत्यारं फडक्यात बांधली.

"बाबा, मी त्या मांत्रिकाकडं जाते."

"वाट दूरची आहे, बाळ."

"तुमचं बोलणं थांबायच्या आत येते."

रखमाजीनं फक्त डोळे मिटून मान हलवल्यासारखं केलं. मान हलत नव्हतीच. गोजराला रडू आलं, ते तिनं वेशीबाहेर गेल्यावर पुसलं.

पहिल्या मुक्कामाला चणेवाला भेटला. भूक लागली होती, कंबरेला चार दाम होते. हात गाठीपर्यंत गेला आणि थांबला. भवानी झाली नव्हती ना! तशीच उपाशी चालू लागली. सवय अशी की बाजार मागं राहिला तरी बाजाराची रीत संगं चालली.

रानात बांबूच्या बेटातून एक भारद्वाज बाहेर आला. लाल डोळे, तांबूस पंख, चालणं अगदी सावकाराचं. गोजरानं पटकन हात जोडले. पक्षी बोलला, "बघ, हे असं. मी दिसलो की शुभ म्हणून हात जोडतात आणि निघून जातात. मी काय सांगतो ते ऐकायला कोणी थांबत नाही."

"मी थांबते," गोजरा म्हणाली.

"मग चल," पक्षी म्हणाला आणि तिच्यापुढं चालू लागला. सगळे सात डोंगर त्यानं बडबड केली. निम्मी कामाची होती.

भुजंगनाथ गुहेच्या तोंडाशी बसला होता. गोजरानं आपला बाजार सांगितला तसा तो ओशाळला, हे सांगायला हवं. म्हणाला, "रागाच्या भरात बोललो. शब्द गेला तो आता माझ्याही हातात नाही. पण शाप मोडायची एक वाट आहे. ती ऐकून पेलणारं माणूस हवं. तीन कामं कर, मग सांगतो."

पहिलं काम त्याच्या आईचं. म्हातारी राक्षसीण डोंगरमाथ्यावर बसली होती. तिचे केस उतारावर पसरले होते, त्यांत झुडपं उगवली होती, एका जटेत कोल्ह्याचं बीळ होतं. शंभर वर्षं फणी लागली नव्हती. गोजरानं फडक्यातली सगळ्यात देखणी फणी काढली, दोन मोरांची, बारीक दातांची. केसांत घातली आणि काड्कन मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. पाच फण्या मोडल्यावर ती दगडावर बसली आणि म्हणाली, "यापेक्षा चांगली फणी या राज्यात नाही."

भारद्वाज म्हणाला, "फणी चांगली आहे ते दिसलं मला. तिला काय हवंय ते विचारलंस?"

विचारलं नव्हतं खरं. गोजरानं जवळ जाऊन विचारलं, "आजी, कुठं दुखतं?"

राक्षसिणीला शंभर वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "मुळाशी ओढ बसते, पोरी. बारीक दात नको वाटतात." मग गोजरानं वाळलेल्या बाभळीचा ओंडका तासून चारच दातांची फणी केली. एकेक दात मनगटाएवढा. टोकाकडून सुरुवात केली, वर वर सरकत गेली. तिसऱ्या दिवशी केस मोकळे झाले. कोल्ह्याला दुसरीकडं बीळ करावं लागलं, पण म्हातारी तीन दिवस झोपली, इतकं तिला बरं वाटलं.

दुसरं काम तळ्यावरचं. तिथं सात जलकन्या राहत. थोरली पाण्यातून वर आली आणि म्हणाली, "शंभर फण्या हव्यात. सूर्य मावळायच्या आत. देशील?"

गोजराच्या जिभेवर 'हो' आलंच होतं. आपल्या लोकांची खोडच आहे ही. गिऱ्हाईक हातचं जाईल या धास्तीनं आधी हो म्हणायचं आणि मग महिनाभर तोंड चुकवत फिरायचं. गोजरानं आपल्या हातांकडं बघितलं. दोनच होते.

"शंभर नाही होणार," ती म्हणाली. "सात होतील. साध्या, नक्षी नाही. पण दात पडणार नाहीत."

जलकन्यांची तोंडं उतरली. दोघी तर रुसून पाण्यात गेल्या. तरी गोजरा शब्दापासून हलली नाही. थोरली मात्र काठाजवळ आली. मग म्हणाली, "तुझ्याआधी एक जण आला होता. शंभर देतो म्हणाला. चाळीस आणल्या, त्यांचे दात आमच्या केसांत राहिले. तो बघ, त्या खडकावर बेडूक होऊन बसलाय. तू सात दे." सूर्य टेकडीला टेकला तेव्हा सातवी फणी सातव्या जलकन्येच्या हातात होती.

तिसरं काम गुहेतलं. आत सोन्याचा ढीग होता, आणि ढिगावर नाग. नागानं फणा काढून म्हटलं, "तुझ्याकडची एक फणी मी विकत घेतो. किंमत सांग."

आता हे सोपं वाटेल तुम्हाला. ज्यांनी कधी स्वतःच्या हातची वस्तू विकली आहे त्यांना विचारा. तिचा बाप उभ्या जन्मात कधी किंमत बोलला नव्हता. गिऱ्हाईकानं विचारलं की मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं? द्या मनाला येईल ते." लोकांच्या मनाला नेहमी दोन दामच यायचे. गोजराच्याही तोंडात तेच वाक्य तयार होतं.

"सांभाळून," भारद्वाज तिच्या कानाशी म्हणाला. "या ढिगाला शाप आहे. एक जण 'द्या मनाला येईल ते' म्हणाला, त्याच्या ओंजळीत वाळू पडली. दुसऱ्यानं दसपट सांगितली, तो आत अजून मोजत बसलाय."

गोजरानं बोटांवर हिशेब घातला. लाकूड एक दाम. हातांची मजुरी तीन दाम. दहा फण्यांत एक तासताना चिरते, चीर सांधायला सरस लागतो, चकाकीला तेल लागतं, त्याचा एक दाम. सगळ्यात लाज वाटली ती मजुरी धरताना. आपल्या हातांचे पैसे मागायचे म्हणजे काहीतरी चोरल्यासारखं वाटत होतं. मग तिला बापाचे हात आठवले, गादीवर दगड होऊन पडलेले, आणि तिची मान वर आली.

"पाच दाम," ती म्हणाली.

"फार होतात," नाग म्हणाला.

"पाचच होतात."

नागानं फणा खाली केला, ढिगातून पाच दाम काढून तिच्या हातावर ठेवले आणि फणी घेऊन गेला. नागाला फणी कशाला, ते मला माहीत नाही. गिऱ्हाईक होता, त्यानं घेतली.

भुजंगनाथ बाहेर वाट बघत होता. म्हणाला, "ऐक. मी मंत्रानं वेस बांधली. बाजाराच्या आतलं काही मी बांधलेलं नाही. आणि दुसरी गोष्ट, कीव म्हणून घेतलेल्या वस्तूनं दगड हलणार नाही. हवी म्हणून घेतली तरच हलेल. यापुढं माझं ज्ञान संपलं. लवकर जा."

गोजरा निघाली. डोंगरामागून डोंगर उतरली. शेवटच्या मुक्कामाला तोच चणेवाला, तीच भूक. गाठीशी आता नऊ दाम. हात गाठीवर गेला आणि आपसूक थांबला. गोजरा त्या हाताकडं बघत राहिली. कोणी धरला नव्हता तो. मग तिला आपला बाजार दिसला. दुकानाला दुकान खेटलेलं, शेजाऱ्याच्या गादीला हात पोचेल इतकं. प्रत्येकाच्या कंबरेला दाम, प्रत्येकाला शेजारचं काहीतरी हवंय, आणि प्रत्येक जण आधी आपल्याकडं कोणीतरी यावं म्हणून गाठ आवळून बसलाय. तीन वर्षं! ती इतक्या जोरात धावत सुटली की भारद्वाजाला आयुष्यात पहिल्यांदा लांबवर उडावं लागलं.

बाजारात पोचली तेव्हा दुपार कलत होती. रखमाजी हनुवटीपर्यंत दगड झाला होता. ओठ तेवढे हलत होते.

"बाबा, मी तेल घ्यायला जाते. आपलं लाकूड तीन वर्षं तेलाविना सुकलंय."

रखमाजीचे डोळे मोठे झाले. "भवानीआधी? नको, बाळ. वाटोळं होईल."

"यापेक्षा आणखी काय व्हायचंय, बाबा?"

एक सांगतो, गोजरालाही खात्री नव्हती. रीत खरी असली तर बापाच्या डोक्यावर दगड तीच आणून ठेवणार होती. तरी तिनं गाठ सोडली.

शेजारी भागू तेलीण बसली होती, काखेपर्यंत दगड झालेली. "काकू, पावशेर करडईचं तेल द्या," गोजरा म्हणाली आणि नऊच्या नऊ दाम तिच्यापुढं ठेवले. भागूनं थिजल्यासारखं पैशांकडं बघितलं. मग तेल मापलं, दाम उचलून कपाळाला लावले, आणि तिच्या काखेतून, कंबरेतून, गुडघ्यांतून दगड उतरून गेला. ती उभी राहिली. पहिलं काय केलं असेल? कुंभाराच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "तीन वर्षं माझा रांजण गळतोय, एक दे." कुंभार सुटला, तो गुळाला गेला. गूळवाला सुटला, तो साळ्याकडं धोतराला गेला. गादीमागून गादी सुटत गेली. लोक पाय आपटून बघत होते, एकमेकांना चिमटे काढत होते, तीन वर्षांच्या गरजा आठवून आठवून सांगत होते.

सूर्य खाली आला तेव्हा एक्कावन्न गाद्या मोकळ्या होत्या. बसलेला राहिला एक रखमाजी. फणी कोणाला नको होती. का? रखमाजीची फणी मोडतच नाही ना. प्रत्येक घरात दहा वर्षांपूर्वीची त्याची फणी होती आणि तिचा एकही दात पडलेला नव्हता. माणसाचं चांगलं काम असं कधी कधी त्याच्याच आड येतं. भागू तेलीण धावत आली, "आण, मी घेते एक," म्हणून पाच दाम टाकून फणी घेतली. दगड हलला नाही. उलट खालच्या ओठाला लागला. आता रखमाजीला बोलताही येईना.

गोजराला हातपाय गाळून तिथंच बसावंसं वाटलं. बसलीही क्षणभर. मग फण्यांचं फडकं तिथंच ठेवून ती रिकाम्या हातानं उठली आणि दारोदार विचारत निघाली, "तुम्हाला काय हवंय? कुठं अडतंय?" एकानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं नाही म्हटलं, असे वीस नकार घेऊन ती गणोजी मिठवाल्याच्या दारात आली. हा तोच, गोसाव्याला पहिल्यांदा पुढं व्हा म्हणणारा. डोक्याला टक्कल, आणि रखमाजीशी अठरा वर्षं अबोला. दुकानाच्या पन्हळीवरून भांडले होते.

"काका, तुमचं काही अडलंय?"

"माझं काय अडणार फणीवाचून?" गणोजी टकलावरून हात फिरवत म्हणाला.

गोजरानं त्याच्या मागं बघितलं. त्याची बायको अंबू तिथं भिंतीकडं तोंड करून बसली होती. तीही नवऱ्याबरोबर दगड झाली होती आणि आता सुटली होती. सगळा बाजार रस्त्यावर होता, ती मात्र डोक्यावर पदर गच्च ओढून कोपऱ्यात होती.

"काकी का बाहेर येत नाहीत?"

गणोजीनं टकलावरचा हात खाली घेतला. मग खाली बघून म्हणाला, "मांडीवर ठेवलेले हात पायांबरोबरच दगड झाले तिचे. तीन वर्षं केसांना लागले नाहीत. पार घोंगडं झालंय. घरातली फणी शिरत नाही. कापून टाकते म्हणते, आणि रडते. तुझ्या बापाकडं यायला मला तोंड नव्हतं."

"मला तासभर द्या," गोजरा म्हणाली. "एक फणी होईल. चार दातांची."

पडवीत जाऊन तिनं लाकूड घेतलं. हात भराभर चालत होते, पण घाई करत नव्हते. दात घासले, तेल पाजलं, पुन्हा घासले, पुन्हा पाजलं. अंबूच्या मागं बसून टोकाकडून सुरुवात केली. पहिली जट सुटली तेव्हा अंबूनं पदर हातातून सोडला. गणोजीनं ते बघितलं आणि स्वतः फणी मागून घेतली. "दे, मी करतो," म्हणाला. "किती झाले?"

"पाच दाम."

गणोजी घासाघीस करण्यात नावाजलेला. पण त्या दिवशी तो निमूट उठला, रखमाजीच्या गादीशी गेला आणि पाच दाम त्याच्या दगडी तळहातावर ठेवले. म्हणाला, "फणी हवी होती, रखमाजी. फार दिवसांपासून हवी होती."

तळहाताची बोटं मिटली. मग मनगट हललं, खांदा हलला, छाती वर आली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रखमाजीनं पोटभर श्वास घेतला. दाम कपाळाला लावले. गोजरा त्याच्या गळ्यात पडली. सगळा बाजार तो काय बोलतो म्हणून गोळा झाला होता.

रखमाजीनं घसा खाकरला. "दातांना तेल दोनदा पाजलंस ना?"

"दोनदा पाजलं, बाबा."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि रडू लागला.

वेशीवर भुलून उभ्या असलेल्या बाईला हळद आठवली, ती आत आली. दुसऱ्या दिवशी राजा आला, शेला घेतला, पूर्ण किंमत देऊन घेतला. गोजराला म्हणाला, "मागशील ते देतो." ती म्हणाली, "महाराज, धान्य फुकट पाठवलंत, त्यानं आम्ही जगलो. आता वाड्याला लागणारं मीठ-तेल आमच्याकडून घ्या, म्हणजे चालू लागू." राजानं तसं केलं. रुंद दातांच्या फण्यांना इतकी मागणी आली की गोजरा पडवीतून गादीवर आली, आणि दिवसाला तीनच्या वर एकही कबूल करत नसे. बाजाराची रीतही बदलली. सकाळी दार उघडलं की आधी शेजाऱ्याकडून काहीतरी लागतं ते घ्यायचं, आणि मग आपल्या गादीवर बसायचं. तिथं अजून तसंच चालतं.

तर मंडळी, ज्यानं नवं दुकान मांडलंय, ज्याच्याकडं सकाळपासून कोणी फिरकलेलं नाही, जो वीस नकार घेऊन दारात उभा आहे, त्याचं एकविसावं दार उघडो, आणि आपल्या कामाची किंमत बोलताना त्याची मान ताठ राहो.